डोमाभाऊ आणि समुद्राकाठचं ऊन पाणी

डोमाभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा वैनगंगेला पूर होता. "काका, मामाजी गेले," एवढंच त्याची सून सुनंदा बोलली, आणि मागून बायांचं रडणं ऐकू आलं. मी चप्पल घालून आरमोरीच्या बसस्टँडवर गेलो. ब्रह्मपुरीची गाडी नसणार हे माहीत होतं, तरी गेलो. तिथला ओळखीचा कंट्रोलर म्हणाला, "आज कुठी जाता भाऊ? पुलावरून पाणी जाऊन राह्यलं." मग परत येऊन ओट्यावर बसून राहिलो... ज्याच्यासोबत बोटीत बसून समुद्र ओलांडला, त्याच्या शेवटच्या वाटेवर चार पावलं चालायला आमची रोजची नदी आडवी आली.

डोमाभाऊ ब्रह्मपुरीजवळच्या एका लहान गावचा. तळ्यातली मासोळी आणि धानाच्या थोड्या बांध्या, म्हणजे खाचरं, यावर चालणारं घर. बाप लवकर गेला. माय लोकांच्या बांध्यांत रोवणीला जायची आणि श्रावणभर चिखल्यांनी सडलेले पाय घेऊन घरी यायची. पन्नासच्या दशकात सरकारी माणसं जपानी पद्धतीनं धान लावा म्हणून गावोगाव सांगत फिरायची. ऐकून सगळे घ्यायचे, करून पाहिलं ते डोमाभाऊनं. दोरी ताणून तो ओळीत परे, म्हणजे धानाची रोपं, रोवायला लागला तेव्हा लोक बांधावर उभे राहून हसले. "हा धान रोवते का रांगोळी काढते?" कापणीनंतर हसणं थांबलं. पुढं काही शेतकऱ्यांना जपानला शिकायला पाठवायचं ठरलं, त्यात त्याचं नाव आलं. माझ्या घरीही धानच, पण मला घेतलं ते मॅट्रिकपुरत्या इंग्रजीसाठी. तोवर आमची ओळखसुद्धा नव्हती. ब्रह्मपुरीच्या स्टेशनावर त्याची माय माझा हात धरून म्हणाली, "वामन, माह्या पोराले सांभाळजो." आम्ही दोघं पंचविशीच्या आतले. मी मोठ्या ऐटीत हो म्हणालो.

तिकडच्या धानाच्या गावात आम्ही पेरणीपासून कापणीपर्यंत राहिलो. काम आमच्या ओळखीचं, बाकी सगळंच परकं. डोमाभाऊ दिवसभर बांधीत खूश असायचा आणि जेवायला बसला की गप्प व्हायचा. कापणी आटोपली तेव्हा तिथल्या शाळेतले एक शिक्षक, ज्यांना इंग्रजी येत होतं आणि जे आमच्यासाठी दुभाष्याचं काम करत, आम्हाला म्हणाले की, तुम्ही फार राबलात, आता चार दिवस आराम करा. त्यांनी आम्हाला समुद्राकाठच्या एका खानावळवजा घरी नेलं. बस डोंगराच्या अलीकडेच थांबायची. पुढं पाइनच्या झाडांतून पायवाट, आणि वाट संपली की एकदम समुद्र. त्याला टेकून ते एकटं लाकडी घर. आजूबाजूला दुसरं घर नाही, आवाज फक्त लाटांचा. दारात एक साठीची बाई कमरेत वाकून नमस्कार करत उभी होती. घर तिचंच. आत कागदाची सरकती दारं, आणि जमिनीवर पेंढा भरलेल्या जाड चटया. डोमाभाऊनं बसल्या बसल्या चटई हुंगली आणि कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा फुलला. "वामनभाऊ, हे तर धानाचं तणीस होय. आपल्या कोठ्यातला वास येऊन राह्यला."

त्या घराचं वैभव म्हणजे जमिनीतून आपोआप वर येणारं ऊन पाणी. खडकांत बांधलेलं एक टाकं, त्यात ते वाफाळतं पाणी, आणि हाताच्या अंतरावर थंडगार समुद्र आपटतोय. "खाली कोणी चूल पेटवून ठेवली असन," डोमाभाऊ म्हणाला. पण उतरायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. तिथे अंगावर एक सूत न ठेवता पाण्यात बसतात. शिक्षक आणि दोन म्हातारे कोळी निवांत बसलेले. डोमाभाऊ लंगोटाची गाठ धरून काठावर उभा. "माह्या मायनंबी मले मोठेपणी असा नाई पायला," तो मला म्हणाला. मी ते जमेल तसं इंग्रजीत सांगितलं, शिक्षकांनी पुढं पोचवलं, आणि ते म्हातारे इतके हसले की पाणी हिंदकळलं. त्यांनी तोंडं समुद्राकडे वळवली आणि डोमाभाऊ पाण्यात शिरला. थोड्या वेळानं त्यानं डोळे मिटले. टाक्यातलं जास्तीचं पाणी एका दगडी पन्हळीतून बाहेर वाहायचं, तिथे संध्याकाळी उतारावरच्या भाजीच्या शेतांतून आलेल्या बाया काठावर ओळीनं बसून पाय सोडायच्या. बाहेर आल्यावर डोमाभाऊ त्यांच्याकडे पाहत उभा राहिला. मी हाक मारली तेव्हा कुठं हलला.

दुसऱ्या दिवशी त्याला हिव भरलं. आमच्या जंगलातला हिवताप अंगात लपूनच आला होता. दात वाजत होते, वरून गोधड्या टाकल्या तरी थरथर थांबेना, मग अंगाची भट्टी. हिवतापावरची जवळ होती-नव्हती ती कोनैन आधीच संपली होती. शिक्षक डोंगर ओलांडून डॉक्टर आणायला गेले. मी उशाशी बसलो आणि मला सारखी स्टेशनावरची त्याची माय दिसायला लागली. याला काही झालं तर मी कोणत्या तोंडानं तिकडे उतरू... त्या घरमालकीणबाई मात्र हातपाय गाळून बसल्या नाहीत. त्यांनी त्याचं अंग पुसलं, पाय ऊन पाण्यात शेकले, आणि त्याला जरा शुद्ध येताच एका वाडग्यात काहीतरी घेऊन आल्या. डोमाभाऊनं घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "पेज," तो म्हणाला. "वामनभाऊ, पेज होय रे हे." आणि रडायलाच लागला. तांदळाची साधी पेज, चिमूटभर मीठ. आमच्या मायांनी आम्हाला आजारपणात दिली तीच.

डॉक्टर आले. पाहताक्षणी त्यांनी ताप ओळखला, गोळ्या दिल्या. लढाईत ब्रह्मदेशाच्या जंगलातून जे सैनिक जिवंत परतले त्यांच्या अंगात हाच ताप होता, असं त्यांनी शिक्षकांना सांगितलं. बाई चहा ओतत होत्या. त्यांचा हात तिथंच थांबला. नंतर शिक्षकांनी हळू आवाजात आम्हाला सांगितलं की बाईंचा एकुलता एक मुलगा त्याच जंगलात, हिंदुस्थानच्या सीमेवर, तापानं गेला. निरोप आला, बाकी काहीच आलं नाही.

ताप उतरल्यावर एका दुपारी आम्ही ओसरीत ऊन खात बसलो होतो. बाई समोर येऊन गुडघ्यांवर बसल्या आणि शिक्षकांकरवी डोमाभाऊला विचारलं, "तो ताप चढला की माणसाला काय हवंसं वाटतं?" मी डोमाभाऊला मराठीत सांगितलं आणि मनात म्हटलं, काहीतरी गोड बोल रे बाबा, काही वाटत नाही म्हणून सांग. त्यानं समुद्राकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, कोणी आंगावर हात ठेवावा, एवढंच वाटते. बाकी काई समजत नाई. तुम्ही ठेवला, मी बरा झालो." मी ते जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी ऐकून डोकं खाली घातलं. मग पुढं सरकून त्यांनी त्याच्या कपाळावर तळहात ठेवला, ताप नसताना, आणि बराच वेळ ठेवला. त्या उठून गेल्यावर डोमाभाऊ मला म्हणाला, "मी चुकलो का गा? खोटं बोलाले पायजे होतं." पण दुसऱ्या दिवशी त्याला टाक्यावर आंघोळीला त्यांनीच नेलं. अशक्त माणूस, पाण्यात भोवळ यायची, म्हणून त्या खडकाआड पाठ फिरवून बसल्या आणि मधूनमधून हाक द्यायच्या. तो आमच्याकडचा होकार द्यायचा, "हाव!" दोन-तीनदा झाल्यावर त्याच विचारायला लागल्या, "हाव?" आतून उत्तर, "हाव!" मी ओसरीतून ऐकत होतो. त्या घरात त्यांना मोकळं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

निघताना डोमाभाऊ त्यांच्या पाया पडला. त्या गोंधळून मागे सरल्या, मग वाट वळेपर्यंत वाकून उभ्या राहिल्या.

मी त्याला सांभाळायला गेलो होतो, सांभाळला त्या बाईंनी. हे मी त्याच्या मायला सांगितलं तेव्हा तिनं पूर्वेकडे तोंड करून हात जोडले. डोमाभाऊ जपानहून धानाचं पुष्कळ शिकून आला, त्याचं पाहून आसपासच्या गावांनी ओळीत रोवणी धरली. पण त्यानं पुढच्याच रोवणीत जे केलं त्याचं कौतुक व्हायला वेळ लागला. अंगणात त्यानं विटांचं एक लांबट टाकं बांधलं, शेजारी मोठी चूल मांडली, आणि संध्याकाळी बांधीतून परतणाऱ्या रोवणाऱ्या बायांसाठी पाणी तापवून ठेवलं. एकही बाई येईना. "जपान पाहून आला आन् बायाचे पाय धुवाले बसला," असं पारावर चाललं. शेवटी त्याची मायच लुगडं सावरून काठावर बसली, पाय पाण्यात सोडले आणि रस्त्यानं जाणाऱ्या बायांना ओरडून म्हणाली, "काऊन उभ्या गा? या नं. पाय काय फक्त माह्येच सडले?" मग त्या आल्या. त्या दिवसापासून रोवणी चालू असेपर्यंत त्या अंगणातली चूल कधी थंड राहिली नाही. माय गेली, त्याची बायको गेली, विटांच्या जागी सिमेंट आलं, पण पाणी तोच तापवायचा.

पूर चढत-उतरत राहिला, तो पुरता ओसरल्यावर मी गेलो. तेरवी होऊन गेली होती, रोवणी संपत आली होती. अंगणात पाऊल टाकलं तर चूल पेटलेली. सुनंदा लाकडं सारत होती. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "काका, मामाजी गेले त्या दिवशीबी रोवणी चालूच होती. माणसं मामाजीले पोचवून परत आले आन् बायाबी बांधीतून आल्या. दारात उभ्या राह्यल्या, आत येईनात. मंग मीच चूल पेटवली. लोकं म्हणाले, सुतक हाय. म्या म्हटलं, बाया पाय घेऊन कुठी जातीन?"

एवढ्यात बाया आल्या, चिखलानं माखलेले पाय धुऊन काठावर बसल्या, आणि एका म्हातारीनं सरकून मला जागा करून दिली. मी चप्पल काढली. सुनंदानं टाक्यात हात घालून पाहिला, एक तांब्या थंड पाणी ओतलं, पुन्हा हात घालून पाहिला आणि म्हणाली, "आता सोडा पाय, काका."