आलूची बढती

माझ्या सहीने आजवर शेकडो लोकांना बढती मिळाली, पण ती दिल्याचा पश्चात्ताप मला एकदाच झाला. त्या कर्मचाऱ्याचं नाव आलू. तो दिसायला बटाट्यासारखा होता, त्याला चार आखूड पाय होते आणि तो माझ्या मुलीच्या गेममध्ये राहत होता.

सविस्तर सांगतो. मी एका सरकारी कंपनीच्या कार्मिक विभागात अधिकारी आहे. (म्हणजे बदल्या, बढत्या, रजा आणि रडगाणी.) सहा वर्षांपूर्वी माझीच नागपूरहून कोलकात्याला बदली झाली आणि आम्ही बालीगंजला राहायला आलो: मी, बायको नीलिमा आणि मुलगी सई. सई तेव्हा आठ वर्षांची होती, आता चौदाची आहे. घरात ती मराठी बोलते, पण तिच्या रागाला तीन पायऱ्या आहेत. साधा राग मराठीत, मोठा राग हिंदीत. ती बंगालीत शिरली की मी आणि नीलिमा खोली सोडतो.

तर या सईचा एक गेम आहे. चित्रविचित्र राक्षस पाळायचे, त्यांना शिकवायचं, सहा जणांचा संघ बांधायचा आणि दुसऱ्याच्या सहा राक्षसांशी झुंज लावायची. मला वाटायचं, पोरखेळ! पण त्याच्या स्पर्धा असतात, पंच असतात, नियमांचं पुस्तक असतं (आमच्या सेवानियमांपेक्षा जाड, आणि लोक ते चक्क वाचतात!). गेल्या वर्षी सई पहिल्याच फेरीत गारद झाली होती. यंदा चार महिने खपून तिने नवा संघ उभा केला आणि त्याचा कणा होता आलू. इथे कोलकात्यात बिर्याणीत बटाटा घालतात आणि तो सापडला नाही तर माणसं ताटावरून उठतात. सईच्या संघात आलूचं स्थान तेच होतं.

स्पर्धा रविवारी, बराकपूरच्या एका क्लबात. सोळा खेळाडू. दोन फेऱ्या जिंकल्या की पहिल्या चारात, आणि पहिल्या चौघांना देशपातळीच्या स्पर्धेत थेट जागा. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत संघ नोंदवायचा. एकदा नोंदवला की काडीचाही बदल चालणार नव्हता. घरात आठवडाभर परीक्षेच्या आदल्या दिवसासारखं वातावरण होतं.

शनिवारी तीनला सईची गणिताची शिकवणी. आलूचा थोडा सराव मात्र राहिला होता. तळ्याकाठच्या डासांशी चाळीस लढती लढल्या की त्याची ताकद हवी तेवढी भरणार होती. नीलिमाने आधीच हात वर केले. (“मला घरातले खरे डास पुरेसे आहेत.”) राहिलो मी.

“बाबा, फक्त हिरवं बटण दाब,” सई म्हणाली. “चाळीस वेळा. दुसरं काही म्हणजे काही करायचं नाही.”

“अगं, अख्ख्या ऑफिसच्या माणसांचं बघतो मी.”

“म्हणूनच सांगते.”

पहिल्या वीस लढती मी अत्यंत इमानदारीने लढलो. मग चहा आला. चहा पिताना माणसाचा एक हात मोकळा असतो आणि सगळा घोळ त्या हाताने केला. मी सहज आलूचं सेवापुस्तक उघडलं. लढती: तीनशे बारा. माघार: शून्य. श्रेणी: पहिली! बाकीचे पाचही जण तिसऱ्या श्रेणीत जाऊन बसलेले आणि हा बिचारा अजून भरतीच्या जागेवर! वर त्याच्या गळ्यात एक भला मोठा दगड बांधलेला. माझं डोकंच सटकलं.

“नीलिमा, हे बघ! तीनशे बारा लढती आणि एकही बढती नाही!”

“मग?”

“मग काय मग! आणि गळ्यात धोंडा बांधलाय!”

“सईने बांधलाय ना? मग काहीतरी कारण असेल.”

“अन्याय करणाऱ्या प्रत्येकाकडे कारण असतं,” मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मागे फिरणं शक्यच नव्हतं.

मी दगड काढला. गेमने विचारलं, ठेवायचा की फेकायचा? आमच्याकडे निरुपयोगी वस्तू निर्लेखित करतात. मी फेकला. पुढचा डास पडला मात्र, पडदा झगमगला, वाजंत्री वाजली आणि पाटी आली: आलू मोठा व्हायला पात्र आहे. होऊ द्यायचं? माझ्या सगळ्या नोकरीत प्रकरण, पात्रता आणि मंजुरी देणारा अधिकारी एकाच वेळी एकाच टेबलावर कधी आले नव्हते. मी ‘हो’ दाबलं.

काय सांगू! आलू बघता बघता म्हशीएवढा झाला. शिंगं आली, छाती आली. मला अगदी भरून आलं. लगेच दुसरी पाटी: आलूला ‘गडगडाट’ ही नवी विद्या येऊ शकते, पण विद्या चारच मावतात, एक जुनी सोडावी लागेल. यादी वाचली. ढाल, धडक, चिखलफेक आणि... जांभई! कामावर जांभई! एवढ्या वरच्या पदावर बसून जांभया द्यायच्या? तत्काळ काढली. ‘जतन करायचं?’ हो. मग उरलेल्या लढती उरकल्या आणि जाता जाता संघाची यादी सेवाज्येष्ठतेनुसार लावून आलूला सर्वांत वर बसवलं.

पाच वीसला सई आली.

“झालं, बाबा?”

“चाळीसच्या चाळीस. शिवाय थोडी सुधारणाही केली.”

तिने दप्तर न उतरवताच गेम हातात घेतला. “माझा आलू कुठंय?”

“हा काय! बढती दिली त्याला.”

“दगड?”

“निर्लेखित केला.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे... फेकला.” इथे माझा आवाज पहिल्यांदा खाली आला.

“आणि जांभई?”

“अगं, कामावर जांभया देणारा माणूस...”

“जांभईने समोरचा झोपतो, बाबा! समोरचा!” सईचा चेहरा लाल झाला. “पूरी टीम उसी पे खड़ी है! आणि तो दगड त्याचं कवच डबल करतो, पण तो छोटा असेल तोपर्यंतच! छोटा था, इसीलिए कोई तोड़ नहीं पाता था!”

हिंदी सुरू झाली होती. “मग कर ना परत लहान,” मी घाईघाईने म्हणालो.

“होत नाही!”

“पदावनतीची काही तरतूद?”

“नाही!”

“दुसरा आलू?”

“चार मास लेगेछे, बाबा! चार मास!”

बंगाली आली. एरवी आम्ही खोली सोडली असती, पण घड्याळात पाच चाळीस झाले होते. नीलिमा माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच तळ्याकाठचा डास. मी आयोजकांना फोन लावला. “मुदत वाढवा,” म्हटलं, “एक बढती चुकून दिली गेली आहे.” पलीकडचा गृहस्थ म्हणाला की संघात सहा राक्षस लागतात, सहा वाजेपर्यंत लागतात, आणि मी थोडं पाणी प्यावं.

सईजवळ सातवा तयार राक्षस नव्हता. पाच अठ्ठावन्नला तिने तोच म्हशीएवढा आलू नोंदवला. ती रडली नाही. रडली असती तर मी समजूत तरी घातली असती. गुपचूप जेवली, ताट उचललं आणि खोलीत गेली. मला खरंच फार वाईट वाटलं. पोरीने चार महिने जपलेली गोष्ट मी एका कपभर चहात बुडवली होती, आणि तीही अन्यायाला वाचा फोडण्याच्या ऐटीत.

रविवारी बालीगंजहून सियालदा आणि सियालदाहून बराकपूरची गाडी. दमदमपर्यंत सई एक शब्द बोलली नाही. दमदम गेल्यावर म्हणाली, “बाबा, हॉलमध्ये माझ्या मागे बसू नको.”

“बरं.”

“समोर पण नको.”

मी कोपऱ्यात बसलो. शेजारी एक दत्तबाबू होते. त्यांची मुलगी तोर्षा स्पर्धेत होती. वय आठ, खुर्चीत बसली की पाय जमिनीला टेकत नव्हते.

“उसका पूरा टीम हाम बनाया है,” दत्तबाबू अभिमानाने म्हणाले. “हर हफ्ते थोड़ा सुधारता है.”

“कुछ बिगड़ा नहीं?” मी घसा खाकरत विचारलं.

“बाप का हाथ लगने से बिगड़ता है क्या?”

मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

पहिल्या फेरीत सईसमोर एक दाढीवाला कॉलेजकुमार, वहीबिही घेऊन आलेला. झुंजीआधी दोघांना एकमेकांचा संघ दिसतो. त्याने आलू पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. माझी पाचावर धारण बसली. गेलं, म्हटलं, ओळखलं याने! पण झालं भलतंच. शहाणा माणूस हा राक्षस कधीच मोठा करत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग या मुलीने का केला? नक्कीच काहीतरी भयंकर डाव असणार! आलू पुढे आला की हा आपला राक्षस मागे घ्यायचा. दुसरा आणायचा, तोही मागे. वहीत बघायचा, घाम पुसायचा. प्रत्येक माघारीला आलूचा गडगडाट नव्या राक्षसाच्या डोक्यात बसत होता. सईने चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही. शेवटी त्याचा सहावा राक्षस आडवा झाला!

तो उठून सईकडे आला आणि हळूच म्हणाला, “इसका राज़ क्या है?”

“बाद में बताऊँगी,” सई म्हणाली आणि कालपासून पहिल्यांदा तिने माझ्या कोपऱ्याकडे पाहिलं. हसली नाही, पण ओठाचा एक कोपरा हलला. मला तेवढं पुरलं. “वो प्रमोशन मैंने दिया था!” मी दत्तबाबूंना ठणकावून सांगितलं.

दुसरी फेरी. सई जिंकली की देशपातळी. समोर तोर्षा.

आता तोर्षाची अडचण अशी की तिला फार विचार करायची सवय नव्हती. तिने आलू पाहिला. मोठा दिसला. मारला. सईने ढाल काढली, तोर्षाने पुन्हा मारला. गडगडाट झाला, तर तिने वेफरचा एक तुकडा तोंडात टाकला आणि तिसऱ्यांदा मारला. चौथ्या फटक्याला आलू पडला आणि त्याच्यामागे उरलेले पाचही पडले, अगदी मी लावलेल्या सेवाज्येष्ठतेच्या क्रमाने.

एका विजयाने हुकलं. मी सईकडे गेलो तेव्हा तोर्षा तिला बंगालीत विचारत होती, “दीदी, तुझा बटाटा एवढा मोठा का केलास? तो लहानच चांगला असतो.”

“मी नाही केला,” सई म्हणाली. “बाबांनी केला.”

तोर्षाने मला नखशिखांत न्याहाळलं. तिच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. “माझे बाबापण करतात,” ती सईला म्हणाली. “म्हणून मी त्यांना वेगळा संघ दिलाय. ते त्यालाच सुधारत बसतात. त्यांना वाटतं, मी तोच खेळते.”

पलीकडे दत्तबाबू चार जणांकडून अभिनंदन स्वीकारत होते. बापाने बापाला सांगाव्यात अशा या गोष्टी नव्हेत.

परतीच्या गाडीत सई गेममध्ये डोकं घालून काहीतरी खुडबुड करत होती. “अजून रागावली आहेस?” मी विचारलं.

“आहे ना. खूप,” ती म्हणाली. “पण तो दाढीवाला कसला घाबरला होता, बाबा!” आणि ती हसली. मग सियालदा आल्यावर तिने गेम माझ्या हातात ठेवला. “हे नवीन खातं तुझं. आत सहा राक्षस आहेत. हवं तेवढं सुधार.”

“आणि तुझा संघ?”

“त्याला पासवर्ड आहे.”

“कोणता?”

“बाबा!”

सई आता नवा आलू वाढवते आहे. पुढच्या वर्षी पुन्हा बराकपूर. मला त्याच्या आसपास फिरकायला बंदी आहे आणि ती मी पाळतो, कारण मला माझा संघ आहे. सहाच्या सहा जणांना मी वरच्या श्रेणीत नेलं, सगळ्यांच्या गळ्यातले दगड काढले, जांभया बंद केल्या. आतापर्यंत चाळीस झुंजी लढलो आणि चाळीसही हरलो. पण माझ्या खात्यात आज एकाही कर्मचाऱ्याची तक्रार प्रलंबित नाही!