मायचं लुगडं मी मळवलं

"एवढं स्वच्छ? वस्तीतली बाई आहे ती. लग्नाला निघाली नाही."

दिग्दर्शकानं लुगडं दोन बोटांत धरून वर उचललं. तालमीतले सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "सर, ह्याच्या घरी लॉन्ड्री असंल."

मीही हसलो.

लुगडं माझ्या मायचं होतं. जालन्यात कारखान्यांच्या मागं आमची वस्ती. माय भंगार निवडायची. नाटक आमच्यासारख्यांवरच होतं, एकदम वास्तववादी. नाटकातल्या आईला लुगडं पाहिजे होतं, तर मी म्हणालो, घरून आणतो. माय जुनं द्यायला तयार न्हाई. "लोकाइला दिसंल. चांगलंच ने." मामानं नेसवलेलं हिरवं काढलं, धुतलं, गादीखाली दाबून घडी बसवली.

"तुला तिकडचं माहितीये ना?" दिग्दर्शक म्हणाला. "मग मळव हे."

"हो सर."

वीस वर्षं मी नाटकात दारं उघडली, पाणी आणून दिलं. पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली होती, त्या आईच्या मुलाची. ती जाऊ द्यायची नव्हती. बाहेर मोटरसायकल उभी होती. तिच्या चेनवर लुगडं घासलं. काळं झालं. मंग पदर टरकावला. पदर फाडायला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं केलं.

"आता कसं खरं वाटतंय!" दिग्दर्शकानं पाठ थोपटली. मला बरं वाटलं. हे लिहायला मला इतके दिवस लागले.

प्रयोगाला माय आल्ती. मी तिला मागं, खांबाच्या आडोशाला बसवलं. कुणी विचारू नये, ही कोण म्हणून. नाटक रंगलं. लोक रडले. माय रडली न्हाई.

रिक्षातून उतरल्यावर बोलली. "काठावरून वळखलं म्या. अशी घाण नेसून मी कवा भाएर निघाले व्हते रे, बाबा?"

ती पुढं चालत गेली.

दुसरा प्रयोग घनसावंगीला होता. तालमीत मी लुगडं पिशवीत भरलं आणि म्हणालो, "हे आता वापरायचं न्हाई. माझ्या मायचं आहे."

दिग्दर्शक म्हणाला, "अरे, वास्तव दाखवतोय आपण."

"सर, वास्तव धुतलेलं होतं. घाण मी लावली."

"भूमिका नकोय का तुला?"

"नको."

जिना उतरलो.

घरी मायपुढं पिशवी ठेवली. तिनं हात लावला न्हाई. "राहू दे तुझ्याचपाशी," एवढंच म्हणाली. तिनं माफ केलं असं मी कुणाला सांगणार नाही, कारण केलेलं न्हाई.

यापुढं या शहरात आमच्या वस्तीवर कुणी नाटक बसवलं, तर मी तालमीत जाऊन बसणार. कुणी बोलावो, न बोलावो. खोटं दिसलं की तिथंच उभा राहणार. हाकललं तर दारातून बोलणार. आणि दुसऱ्याचं खोटं काढायच्या आधी माझं नाव घेऊन सांगणार, हे काम पहिल्यांदा मी केलं.