बोल्ट जागच्या जागी ठेवणारा चोर

नोकरीतलं पुष्कळसं आता पुसट झालं, पण बेल्ह्याजवळच्या त्या ट्रॅक्टरची केस अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. मी तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्यात हवालदार होतो. गाव माझं तिकडे चंद्रपूरकडचं, शाळा सातवीपर्यंतच. पंचनाम्यात काही चुकेल, साहेब रागावतील, ही धास्ती शेवटपर्यंत सुटली नाही. म्हणून न कळलेलं मी सरळ विचारायचो. इकडच्या लोकांनी कधी चिडवत, कधी हसत, पण शिकवलं. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

एका सकाळी एक बागायतदार ठाण्यात आले. घरची मंडळी दोन दिवसांच्या लग्नाला गेली होती, ती एक दिवस आधीच परतली, तर उघड्या शेडमधल्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचं हेड गायब. "ड्रायव्हरनंच नेलं. घरी कुनी न्हाई हे त्यालाच ठावं व्हतं. पारावर चारचौघांत बोलून आलोय मी," ते म्हणाले.

दुपारी खबर मिळाली की ड्रायव्हर बेल्ह्याच्या बाजारात भंगारवाल्याशी बोलताना दिसला. ड्रायव्हर मूळचा घाटघरचा, पस्तिशीचा, बायकापोरांसह याच गावात राहणारा. त्याला चौकशीला आणलं. साहेबांनी बजावलं, "उद्या संध्याकाळी अटक दाखवायची."

"भंगारवाल्याकडे काय काम होतं?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"गोठ्याला जुना पत्रा बगत व्हतो, साहेब."

"आणि हेड?"

"मी चालिवतो. खोलायचं काम मिस्तरीचं. मला येत न्हाई."

पाच वेळा विचारलं, पाचही वेळा तेच शब्द. खोटं बोलणारा दर खेपेला थोडं सजवतो. हा सजवत नव्हता. शेवटी एवढंच बोलला, "ट्रॅक्टर पानी लई पीत व्हता. मालकाला सांगितलं व्हतं मी."

खरं सांगायचं तर हेड म्हणजे काय, हेच मला नीट ठाऊक नव्हतं. जुन्नरमध्ये एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. दुसऱ्या दिवशी त्यांना जीपमध्ये घालून शेडवर नेलं.

"चाचा, पहिलीतल्या पोराला सांगता तसं सांगा."

"पोरं एवढं डोकं खात न्हाईत, हवालदार!" ते हसले. "ही तीन सिलिंडरं म्हंजी तीन पातेली समजा. हेड त्यांचं झाकण. आत डिझेल पेटतं, त्याचा दाब झाकणानं धरायचा. झाकणातनंच पानी फिरतं, थंड ठेवाया. तडा गेला की पानी आत झिरपतं."

बोलता बोलता ते वाकले आणि इंजिनात डोकावले. तिन्ही सिलिंडरांच्या तोंडात धुतलेल्या चिंध्या कोंबल्या होत्या. बाजूला पुठ्ठा होता. त्याला भोकं पाडून एकेक बोल्ट खोचला होता, हेडवर ज्याची जी जागा, त्याच जागी. पंचनाम्यात मीच लिहिलं होतं, 'बोल्ट लावलेला पुठ्ठा, एक नग', आणि पुढे गेलो होतो.

"चोर चिंध्या कोंबत न्हाई, राव," चाचा म्हणाले. "इंजिनात माती गेली तर त्याचं काय जातं? आन् बोल्ट मांडून कशाला ठिवंल? ज्यानं हे काढलं, त्याला परत बसवायचंय."

"चोरलेलं परत?"

"ते तुमी शोधा. पगार तुमाला हाये."

ड्रायव्हर पाण्याचं बोलला होता, ते आठवलं. मालकांना विचारलं, हेडचं काम आधी कोणी केलं होतं? घोडेगावचा एक मिस्त्री, नवं हेड टाकलं होतं त्यानं. लगेच घोडेगाव गाठलं. गॅरेजच्या फळीवर दोन हेडं शेजारी शेजारी होती. एक कोरं, दुसऱ्यावर तड्याला केलेलं वेल्डिंग. वर्दी बघताच मिस्त्री खाली बसला.

"नवं म्हनून डागडुजीचं बसवलं व्हतं, साहेब. ते गळाया लागल्याचं कानावर आलं. दुसऱ्या मिस्तरीनं खोललं असतं तर तालुक्यात कुनी पान्हा हातात दिला नसता. लग्नाचं दोन दिस घावलं. पयल्या दिशी हे काढून आनलं, दुसऱ्या दिशी खरं नवं टाकून गुमान जानार व्हतो. मंडळी आधीच आली."

"ड्रायव्हरला धरलंय, ते कळलं होतं?"

त्यानं मान खाली घातली. "कळलं व्हतं."

मिस्त्रीवर रीतसर गुन्हा दाखल झाला. ड्रायव्हरला सोडताना बागायतदार ठाण्यातच होते. "चल गड्या, झालं गेलं इसर. उद्या कामावर ये."

तो जागचा हलला नाही. "मालक, चोर म्हनला ते पारावर. माजी पोरं त्याच गावच्या शाळंत जात्यात."

बागायतदार खिडकीबाहेर बघू लागले. मी टोपी घातली आणि म्हणालो, "चला पारावर, मीही येतो."

पारावर आठ-दहा माणसं होती. आधी मीच बोललो, "आम्ही चुकीचा माणूस धरला होता. यानं काही केलेलं नाही." मग बागायतदार उभे राहिले. आवाज बारीक होता, पण बोलले.

निर्दोष माणूस सुटला, एवढं स्टेशन डायरीत लिहिलं की आपलं काम संपलं, असं मी तोवर धरून चाललो होतो. पण डायरी गाव वाचत नाही. त्यानंतर खोट्या संशयावरून आणलेल्या प्रत्येकाला मी वर्दीत, दिवसाउजेडी, त्याच्या दारापर्यंत स्वतः पोचवत गेलो.