जबड्यात जबडा

तिने माझ्या यंत्रावर सेंट मारला. देवाला उदबत्ती ओवाळावी तसा, गोल गोल. पुढून, मागून, पेनांच्या टोकांवरसुद्धा. इतका मारला की जुहूचे डास त्या संध्याकाळी अंधेरीला राहायला गेले.

"अगं, वास येतोय ना," ती म्हणाली. "लोकांना अजून जेवायचंय."

ती म्हणजे मॅडम. बंगला तिचा, बंगल्यातली गॅलरी तिची, भिंती तिच्या. तिथे माझं पहिलं प्रदर्शन. मी वेसाव्याची कोळीण. चित्रं काढणारी यंत्रं बनवते.

यंत्र असं. पितळेचे दोन लांब हात. वरच्या टोकाला दातेरी जबडा, खालच्या टोकाला पेन. जबड्यात जबडा अडकवायचा आणि जोडी दांडीवर टाकायची, एक हात इकडे, एक तिकडे. टेबलफॅन लावला की एक हलतो. मग दुसऱ्याला हलावंच लागतं. खाली कागदावर दोन रेघा उमटत जातात, एकीचं दुसरीला कळल्यासारख्या.

हे मला शिकवलं बोंबलांनी. आमच्याकडे बोंबील एकटा वाळत नाही. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी बांबूच्या वलांडीवर टाकतात. माझी आय हे काम भांडता भांडता करते. एकदा तर म्हणे झोपेत अख्खी वलांडी भरली. लहानपणी मी खाली वाळूत बसून त्या शेपट्यांच्या सावल्या काडीने गिरवायचे. इतके बोंबील, की ऊन खाली उतरायला वाट विचारायचं.

यंत्रही मी वलांडीखालीच चालवून बघायचे. म्हणून वास.

सेंट मारून झाल्यावर मॅडमने शेजारी पाटी लावली. 'पक्ष्यांची भरारी'.

"मॅडम, हे बोंबील आहेत."

"माहितेय गं. पण बोंबील कोण भिंतीवर लावतं? आणि ऐक, आईंना सांग ना, मागे किचनकडे बसल्या तर बरं."

वेटर ट्रेमधून पापलेटचे तुकडे फिरवत होता. टूथपिक टोचलेले. ताटात चालतं.

मला राग आला नाही. खरंच. बर्फाच्या पेटीत हात घालून बसलं की बोटं आपली राहत नाहीत, तशी मी सगळीच झाले. खिडकीबाहेरून विमान गेलं. दिसलं, ऐकू आलं नाही. आय नवी साडी सावरत किचनकडे गेली. दुसऱ्याच कुणाची तरी आय जातेय, असं मी बघत राहिले.

एका पाहुण्याने विचारलं, "कुठले पक्षी हे?"

"सीगल्स," मॅडम म्हणाली. "ही तासन्तास किनाऱ्यावर बसून बघते त्यांना."

तेवढ्यात किचनच्या दारातून आय. मासळीबाजारातला आवाज, ज्याने भरती थांबते.

"काय गो, आपलं बोंबील पाखरा कवा झालं?"

सगळे हसले. मॅडमही. "सो क्यूट," म्हणाली.

मी फॅन बंद केला. यंत्राचे हात हलायचे थांबेपर्यंत उभी राहिले.

"मॅडम, पाटी काढा."

"आत्ता? लोकांसमोर? वेडी आहेस का? पुन्हा कुणी बोलावणार नाही तुला."

"नका बोलवू."

जोडी दांडीवरून उतरवली. जबडे सोडवले नाहीत. फॅनही माझाच होता, तो आयच्या काखेत दिला आणि निघाले. रिक्षात आय म्हणाली, "पापलेट शिला होता." मला हसू आलं नाही. बोटं अजून परत आलेली नाहीत.

आणि खरंच, त्यानंतर कुणी बोलावलेलं नाही.

ते यंत्र घरी वलांडीवर टांगलंय, सेंटचा वास जाईपर्यंत. मी दुसरं करतेय. या वेळी दोन्ही जबडे एका पितळी पट्टीत बसवलेत. पट्टीवर खोल कोरलंय, 'बोंबील'. त्याखाली आयचं नाव. ही पट्टी काढली की जबडे सुटतात, पेनं खाली पडतात, चित्र बंद.

काढून बघा.