टाइमशीटवरची वर्तुळं

त्याच्या पेन्सिलीचा मला मत्सर वाटायचा, हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

टोरांटोच्या नॉर्थ यॉर्कमधल्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत आम्ही दोघेच मराठी. मी पुण्याचा, तो नागपूरचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. २००५च्या सुमारास आमच्याकडचा कागद संपला आणि सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं. तोंड, हात, पाय सुटे करून ठेवायचे आणि बाहुलीसारखे हलवायचे. मी निमूट बदललो. खरं तर सुटलो, कारण माझी रेघ कधी जिवंत नव्हतीच. तो मात्र घरी बेसमेंटमध्ये लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, कागद लावून काढत बसायचा. त्यानं काढलेली म्हातारी खुर्चीतून उठायची तेव्हा आधी तिचा गुडघा दुखायचा, मग ती उठायची. ते पाहून मी "छान" म्हणायचो आणि घरी जाऊन कुणाशी धड बोलायचो नाही.

त्याला टोकियोला जायचं होतं, तिथे अजून कागदावर काढतात म्हणून. मी त्याला घाबरवून पाहिलं. दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणाऱ्यांना तिथे चित्रामागे चिल्लर मिळते, बरंचसं काम बाहेरच्या देशांत जातं, तिथलीच पोरं दोन-तीन वर्षांत सोडून जातात. यातलं खोटं काहीच नव्हतं. तो हसून म्हणाला, "मग तर जागा रिकामीच असन ना, भाऊ."

एका छोट्या स्टुडिओनं नमुना मागवला. त्यानं म्हातारीचाच प्रसंग निवडला आणि पाठवण्याआधी, एका रविवारी, गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. सोबत टाइमशीट, म्हणजे कुठलं चित्र किती वेळ दिसणार त्याचा तक्ता. जपानी पद्धतीत मुख्य चित्रांच्या आकड्यांभोवती वर्तुळ काढतात, मधल्या चित्रांच्या नाही. हे मला आमच्याकडे पूर्वी येऊन गेलेल्या एका जपानी दिग्दर्शकानं शिकवलं होतं. माझ्या या मित्राला ते कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याचे सगळे आकडे सारखेच, उघडे.

मी ते पाहिलं. शीट दोनदा वरून खाली वाचली.

"काही राहिलं का, भाऊ?"

"नाही. टाक पोस्टात."

नकार दोन ओळींचा आला, कारण न देता. वर्तुळांमुळेच आला का, मला माहीत नाही. या 'माहीत नाही'वर मी बरीच वर्षं काढली. तो म्हणाला, आपली रेघच कच्ची असेल. तेव्हाही मी गप्प बसलो. लिहायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

वर्षभरात त्यानं तासाभरावरच्या किचनर शहरात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी धरली. जाताना लाइटबॉक्स मला देऊ केला, तर मी जागा नाही म्हणालो. दिवाळीला त्याचा फोन येतो. विंटर टायर बसवले का, मुलं काय म्हणतात, एवढंच होतं. एकदा धीर करून विचारलं, काढतोस का रे काही? "हात राहिला नाही आता," म्हणाला, आणि विषय बदलला.

त्याची रेघ कच्ची नव्हती, आणि शीटमधली चूक मी पाहिली होती. ही दोन वाक्यं मी त्याला देणं लागतो. अजून दिलेली नाहीत.