देऊन टाकलेला

सोफेवाल्याच्या तोंडात कामाच्या वेळी कायम चुका असायच्या, म्हणजे कापड ठोकायचे बारीक खिळे. गिऱ्हाइकं म्हणायची, हा बोलत नाही, कारण तोंड उघडलं तर चुका बाहेर पडतील!

घरीही दुसऱ्या मुलाचा विषय निघाला की तो गप्प. बायको एकुलती एक. लहानपणी बाहुलीशी भांडायची आणि बाहुलीच्या वतीनं उत्तरंही स्वतःच द्यायची. मुलगी चार वर्षांची झाली तशी बायको हात धुऊन त्याच्या मागे लागली, "हिला कुणीतरी हवं हो."

"एक पुरे."

पाच भावंडांतला तो चौथा. सहाव्या वर्षी आईनं त्याला मूलबाळ नसलेल्या मावशीला देऊन टाकलं होतं. मावशीनं काही कमी केलं नाही. पण आई भेटून निघाली की तो तिच्या पिशवीत आपले कपडे कोंबायचा, आणि आई ते काढून बाकावर ठेवून जायची. हे त्यानं बायकोला लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं. सांगून जरा हलका झाला असावा. महिन्याभरानं म्हणाला, "बरं. होऊ दे दुसरं."

आठवडा झाला नाही तोच त्याची आई आली. त्याच्या बायकोकडूनच तिला कुणकुण लागली होती.

"तुझ्या थोरल्या भावाच्या घरात पाळणा हलत नाही," ती म्हणाली. "तुमचं दुसरं त्याला द्या. रक्त घरातच राहील. तुला दिलं, तुझं काय वाईट झालं?"

तो ताडकन उठला. "पिशवीतून माझे कपडे काढताना एकदा तरी हात थरथरला का गं तुझा?"

"अरे, खाणारी पाच तोंडं होती..."

"मग माझंच का जड झालं? थोरल्याचं का नाही?"

मुलगी रडायला लागली. आई चपला घालून निघून गेली. तो बायकोकडे वळला. "दुसरं मूल नाही. विषय संपला."

आता ती पेटली. "राग त्यांच्यावर आणि शिक्षा मला? तुम्हाला देताना तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. आज तुम्ही मला विचारलंत?"

रागाच्या भरात तो थेट थोरल्याच्या दारात जाऊन ओरडला, "माझं मूल तुला मिळणार नाही!"

थोरला बघतच राहिला. "मी कधी मागितलं? आईनं मला विचारलंसुद्धा नाही."

घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं, "तुला काय हवंय?" पुढच्या वर्षी मुलगा झाला. आई बघायला आली तेव्हा सोफेवाल्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. बायकोनं बाळ तिच्या मांडीवर द्यायला पुढं केलं, ते मात्र त्यानं मधल्यामध्ये उचलून घेतलं.