मी चढवलो होतो की

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आई गेली तेव्हा शेवटचे तीन दिवस तिच्या उशाशी बसून होतो. एकदा ओठांवर आलं होतं — तेवढ्यात तिनं पाणी मागितलं आणि मी उठलो. तेवढं निमित्त पुरलं मला. आता तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही.

गोष्ट एका बॅगेची आहे. निदान इतकी वर्षं मी स्वतःला असंच सांगत आलो — बॅग हरवली, प्रवासात सामान हरवतं, त्यात काय एवढं? काय होतं तिच्यात? वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट, एक टेपरेकॉर्डर, साडीचं कापड, डोकेदुखीच्या बामच्या डब्या. ते सगळं पुढे पुन्हा आलं, त्याहून चांगलं आलं. पण त्या बॅगेपायी एका माणसाचं नाव गेलं. ते परत आलं नाही. काशीनाथ त्याचं नाव. जीप चालवायचा.

पण थांबा, आधी माझं सांगतो.

आमचं गाव ठाणाकुशनूरच्या अलीकडचं, नाव नको. गावातून मस्कतला गेलेले आम्ही दोघंच, मी आणि शिवराज. तो बांधकामावर, मी कंपनीच्या कोठारात नोंदी ठेवायला. मला थोडं इंग्रजी वाचता यायचं. थोडंच — पण कॅम्पातल्या साठ माणसांत ते पुष्कळ होतं. कुणाचा फॉर्म, कुणाचं तिकीट, सगळे माझ्याकडे यायचे. मास्तर म्हणायचे मला. सातवी पास माणसाला कुणी मास्तर म्हणावं आणि त्याला ते गोड लागू नये, असं होतं का?

मी सुटीवर निघालो तेव्हा शिवराजनं आपली बॅग माझ्याबरोबर दिली. त्याला सुटी नव्हती. मरून रंगाची बॅग, हिरव्या नायलॉनच्या दोरीनं बांधलेली. तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव मीच घातलं — शिवराज माणिकअप्पा, व्हाया ठाणाकुशनूर, जि. बीदर. रंग पातळ झाला होता, 'ठा'चा ओघळ खालपर्यंत आला. शिवराज हसला. म्हणाला, "मास्तर, अक्षर रडायलंय की रं तुझं." मग जरा गंभीर झाला. "दोन विमानं बदलायची म्हणतेत. मधी कुठं राहून जाईल का रं?"

"थेट हैदराबादला निघती," मी म्हणालो. "दोन्ही कंपन्यांचं आपसात असतंय. तू कामून भ्यायलास? मी हाय न्हवं?"

मला खरं काहीच माहीत नव्हतं.

विमानतळावर खिडकीतल्या मल्याळी माणसानं दोन्ही बॅगांना चिठ्ठ्या बांधल्या. चिठ्ठीवर हैदराबादच होतं. तिचा खालचा तुकडा फाडून त्यानं माझ्या तिकिटाला टाचला आणि हिंदीत, सावकाश, माझ्याकडे बघून सांगितलं — चिठ्ठी हैदराबादपर्यंत आहे, पण बंबईला दोन्ही बॅगा स्वतः पट्ट्यावरून घ्यायच्या, कस्टममधून न्यायच्या, आणि बाहेर दुसऱ्या कंपनीच्या खिडकीत परत द्यायच्या. नाहीतर तिथंच राहतील. "समझे?"

"मालूम है, मालूम है," मी म्हणालो.

म्हणजे मला सांगितलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे मी कधी कधी स्वतःला पटवायला बघितलं, की मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं.

मुंबईला माझी बॅग लवकर आली. शिवराजची येईना. पट्टा फिरतोय, थांबतोय, पुन्हा फिरतोय. हैदराबादचं विमान दुसऱ्या विमानतळावरून, सांताक्रूझहून. तिकडे नेणारी बस बाहेर उभी. कस्टमची रांग दारापर्यंत गेलेली. मी घड्याळ बघत होतो. विमान चुकलं तर? मुंबईत कुठं राहायचं, कुणाला विचारायचं? आणि तिकडे हैदराबादला माझ्यासाठी जीप सांगून ठेवलेली. मी मनाशी म्हणालो, चिठ्ठीवर हैदराबाद लिहिलंय ना, मग जाईल की. दहा मिनिटांपूर्वी मला पक्कं ठाऊक होतं की जाणार नाही. दहा मिनिटांत माणूस एखादी गोष्ट विसरू शकतो का? मी विसरलो. माझी बॅग उचलली, रांगेत घुसलो आणि मागं बघितलं नाही.

हैदराबादला पट्ट्यापाशी शेवटपर्यंत उभा राहिलो. कशासाठी — माहीत नाही. पट्टा बंद झाला. तिथल्या माणसानं एक इंग्रजी फॉर्म दिला. त्यावर एक प्रश्न होता: मुंबईला सामान तुम्ही स्वतः ताब्यात घेतलं होतं का? मी तो प्रश्न दोनदा वाचला. फॉर्म घडी करून खिडकीवर ठेवला आणि बाहेर आलो.

बाहेर काशीनाथ उभा. औरादच्या एका मालकाची जीप तो चालवायचा. आमच्याच गावचा, बौद्धांच्या गल्लीतला, माझ्याहून दोनतीन वर्षांनी लहान. मला बघून पळत आला. "आलाव का अण्णा! मस्कतचं ऊन लागलंय म्हणावं, कोळसा होऊन आलाव की!" माझी बॅग टपावर टाकली, दोरी आवळली. मग विचारलं, "एवढंच का सामान?"

"एवढंच," मी म्हणालो.

जहीराबादला चहाला थांबलो. तो बोलत होता. नवरात्रात मालकानं त्याच्या हातात नवी जीप द्यायचं कबूल केलं होतं. पोरगी शाळेत जायला लागली होती. मी हं हं करत होतो. बॅगेचं घरी काय सांगायचं, हेच डोक्यात. खरं सांगायचं असं ठरवलंही होतं मी — उद्या. सकाळी अंघोळ करून त्यांच्या घरी जाऊन सांगू. दिवेलागणीला घरी पोचलो. काशीनाथनं बॅग उतरवून ओट्यावर ठेवली आणि जीप घेऊन औरादला गेला.

तो गेला न गेला, तोच शिवराजचा थोरला भाऊ वैजनाथ आला. अंगणातूनच त्यानं विचारलं, "दिगू, शिवाची बॅग?"

माझ्या तोंडून काय निघालं असेल? "मी चढवलो होतो की. डोळ्यानं बघितलो."

खोटं नव्हतं ते. मस्कतला काळ्या पट्ट्यावरून ती बॅग आत गेलेली मी बघितली होती. विमानात चढवली होती. पण आमच्याकडे चढवणं म्हटलं की जीपचा टप. वैजनाथनं कपाळावर हात मारला. "मंग टपावरच राहिली व्हय! गेला की त्यो औरादला!" आणि सायकलवर टांग मारली.

तेव्हा एक शब्द बोलायचा होता. विमानात. एवढाच. मी ओट्यावर बसून बुटाची लेस सोडत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खंडोबाच्या देवळापुढं माणसं जमली. काशीनाथ आला, जीपमालकही आला. काशीनाथ म्हणत होता, एकच बॅग होती, अण्णा एवढंच म्हणाले. शिवराजचे वडील माणिकअप्पा तसे शांत माणूस, त्यांनी मला विचारलं, "वाटंत कुठं थांबलाव?"

"जहीराबादला. चहाला."

हेही खरं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. काशीनाथ माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता — असता तर बरं झालं असतं. मी आता सांगणार आणि सुटणार, अशी खात्री होती त्याच्या चेहऱ्यावर.

"अण्णा, तुम्हीच सांगा. किती नग बांधलो मी टपावर?"

"मी आत बसलो होतो," मी म्हणालो.

हेही खरंच.

मग कुणीतरी बेल-भंडारा आणला. ताटात हळद, त्यावर बेलाचं पान. उचल आणि म्हण, मी घेतली नाही. आमच्याकडे एवढ्यावर भांडणं मिटतात. काशीनाथनं हात पुढे केला नाही.

"आम्ही सोडलाव ते, अप्पा. बापानं देव नदीत सोडले तवा शबूद दिलाय. बुद्धापुढं म्हणतो. लेकराच्या डोक्यावर हात ठिवतो. मी घेतलो न्हाई."

"देव सोडलास तर भ्यायलास कामून?" मागून एकजण म्हणाला. "खरा असशील तर उचलायला काय जातंय तुझं?"

"खरा हाय म्हणूनच उचलत न्हाई," काशीनाथ म्हणाला. त्यावर चारजण हसले.

झालं, तेवढ्यावर ठरलं. बॅग कुणी शोधली नाही, जहीराबादच्या चहावाल्याला कुणी विचारलं नाही. त्यानं भंडारा उचलला नाही, म्हणजे त्यानंच घेतली. तो दुसऱ्या गल्लीतला असता, तर इतक्या लवकर ठरलं असतं का? नसतं. ते मला तेव्हाही कळत होतं, आणि माझ्या ते सोयीचंच होतं. मला कुणी भंडारा उचलायला सांगितलं नाही, कुणाला तसं सुचलंही नाही. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? उचलला असता. नीट, दोन्ही हातांनी उचलला असता.

जीपमालकानं तिथंच काशीनाथकडून चावी मागून घेतली. काशीनाथनं ती त्याच्या हातात दिली आणि घरी चालत गेला.

इथवर तुम्ही म्हणाल, गप्प बसला, भित्रा माणूस. मीही स्वतःला भित्रा म्हणून बरीच वर्षं काढली. पण हे सगळं सांगायला मी बसलोच नव्हतो. पुढचं सांगायचं आहे.

अडीच महिन्यांनी सुटी संपवून परत निघालो. मुंबईला अर्धा दिवस हातात होता. चिठ्ठीचा तो तुकडा मी जपून ठेवला होता — का ठेवला होता? — तो शर्टाच्या खिशात होता. विचारत विचारत बेवारस सामानाच्या खोलीपर्यंत गेलो. तिथला माणूस मराठी होता, अदबीनं बोलला. नंबर आहे का, म्हणाला. मी म्हणालो, हरवला. त्यानं मला आत नेलं. रांगेनं बॅगा, खोकी, धूळ. तिसऱ्या फळीवर मरून रंग दिसला. हिरवी दोरी. खालपर्यंत ओघळलेला 'ठा'. माझं अक्षर.

"ही का बघा."

मी बघत राहिलो. तिथं उभ्या उभ्या माझ्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता — ही बॅग गावात गेली, तर पहिला प्रश्न येणार: काशीनाथच्या टपावरची बॅग मुंबईत कशी आली? वैजनाथ विचारणार. माणिकअप्पा विचारणार. दिगू, तू तर चढवली होतीस? आणि मग काशीनाथ माझ्याकडे बघणार.

"नाही," मी म्हणालो.

"नीट बघा. व्हाया ठाणाकुशनूर लिहिलंय. तुमच्याच भागातली दिसते."

"नाही हो. आमची काळी होती."

हे मात्र खरं नव्हतं. कुठल्याही बाजूनं फिरवलं तरी खरं होत नाही. तोपर्यंत मी अर्धं अर्धं बोलत आलो होतो. इथं मला कुणी घाई केली नव्हती, कुणी घेरलं नव्हतं. तो माणूस मला ती बॅग द्यायला निघाला होता. त्या बॅगेत काशीनाथ परत मिळत होता. मी हात लावला नाही. त्या दिवशी विमानात ताट आलं, ते मी सगळं खाल्लं.

शिवराज मस्कतला म्हणाला, "जाऊ दे मास्तर. तुझा काय दोष त्यात?" आणि मला चहा पाजला.

आता मी बीदरमध्ये पंख्यांचं आणि वायरचं दुकान चालवतो. गेल्या महिन्यात माल आणायला बीदरजवळच्याच कोळारला एका गोदामात गेलो होतो. दारात टेम्पो भरत होते. खोकं टपावर टाकायचं, तळहातानं त्याच्यावर थाप मारायची आणि खाली वही घेऊन उभ्या असलेल्या कारकुनाकडे बघत थांबायचं, असं एक माणूस करत होता. कारकून वैतागला होता. "अरे लिहिलो की! दरखेपेला काय तोंड उघडायचं?"

"तोंडानं म्हणा, साहेब. चढली म्हणा. मंग दुसरं उचलतो."

केस पांढरे झालेत त्याचे. पाठ वाकली आहे. मला बघून खाली उतरला, गमछ्यानं हात पुसले. "कवा आलाव अण्णा? घरी बरं हाय का समदं?" अजून अण्णाच म्हणतो. पोरगी कॉलेजात आहे म्हणाला. जीपचं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. माझी चार खोकी त्यानं स्वतः टेम्पोवर घेतली. पहिल्या खोक्यावर थाप मारली आणि माझ्याकडे बघत थांबला.

"म्हणा, अण्णा."

"चढली," मी म्हणालो.

चार वेळा म्हणालो. पाचवा शब्द तोंडात होता — विमानात. टेम्पो सुरू झाला, आणि मी त्यात बसलो.

तो तुकडा माझ्या पासपोर्टच्या डब्यात आहे. त्यावरचा नंबर मला पाठ आहे. त्या दिवशी हैदराबादला काशीनाथनं टपावर एक बॅग बांधली. एकच. ती माझी होती.